मत्ती, ऐन, असाणा : लाकूड एक की तीन?

खानापूरकर : घराच्या तुळया बदलायच्या आहेत. वखारवाले म्हणतात मत्ती घ्या, पावतीवरही कन्नडमध्ये मत्तीच. आजोबांच्या मते जुन्या तुळया ऐनाच्या. शेजारचे काका म्हणतात, मत्ती म्हणजे असाणा. कुणाचं खरं धरायचं?

लोंढ्याचा सुतार : आजोबांचं. कन्नडात मत्ती, आपल्यात ऐन. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. आमच्याकडं दोन्ही भाषांची गिऱ्हाईकं येतात, त्यामुळं जोड्या तोंडपाठ आहेत : होन्ने म्हणजे बिबळा, नंदी म्हणजे नाणा, जंबे म्हणजे जांबा, बीटे म्हणजे शिसवी. सागवानीला तेवढं भाषांतर लागत नाही.

खानापूरकर : आणि असाणा?

वनस्पतीवाल्या बाई : खरी गल्लत तिथंच आहे. संस्कृतातला 'असन' कुणी बिबळ्याला लावतं, कुणी ऐनाला. मराठीत असाणा म्हणतात ते झाड तिसरंच, कोवळ्या खोडावर काटे असणारं. शास्त्रीय नाव ब्रिडेलिया रेटुसा. ऐन म्हणजे टर्मिनॅलिया इलिप्टिका, जुन्या पुस्तकांत टोमेंटोजा. कुळंसुद्धा वेगळी : ऐन हिरड्या-अर्जुनाच्या कुळातला, बिबळा शेंगांच्या, असाणा आवळ्याच्या. काकांनी नाव ऐकीव घेतलेलं दिसतंय.

म्हणूनच बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी लाकडाचा तुकडा गेला, की त्याला कुठल्या गावात काय म्हणतात यावर निकाल लागत नाही. आडवा छेद पात्यानं गुळगुळीत करून भिंगाखाली छिद्रांची मांडणी बघतात. सागात वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते, ऐनात छिद्रं सगळीकडं विखुरलेली. बिबळ्याची तर घरीच परीक्षा होते. गाभ्याचा भुसा पाण्यात टाका, पाणी पिवळसर-तांबूस होऊन उजेडात निळी झाक मारतं.

लोंढ्याचा सुतार : निळी झाक बघितलीय, ती बिबळ्याची खूण हे आज कळलं. खरं, दादा, नावापेक्षा ओल बघा. ऐन वाळताना फार तडकतो.

खानापूरकर : वखारवाले 'सुकं आहे' म्हणतात की.

वनस्पतीवाल्या बाई : 'सुकं' हा शब्द फसवा आहे. लाकडातली ओल कोरड्या लाकडाच्या वजनावर मोजतात, म्हणून ताज्या लाकडात ती १०० टक्क्यांच्या वरही निघते. पोकळ्यांतलं पाणी आधी जातं, तोवर लाकूड आकसत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली आली, की पेशींच्या भिंतींतलं पाणी सुटायला लागतं आणि मग आकसणं, पीळ, भेगा. वरचा थर आधी सुकतो, गाभा मागं राहतो, त्या ओढाताणीत तुळई उलते. 'वाळलेलं' आणि 'मुरलेलं' यांत सुतार फरक करतात तो याच्यासाठी.

लोंढ्याचा सुतार : बरोबर. सावलीत, खाली पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी लावायची. टोकांना मेण नाहीतर रंग लावायचा, तिथूनच पहिली भेग येते.

खानापूरकर : मग पावतीवर काय लिहून घेऊ?

लोंढ्याचा सुतार : मत्तीच राहू दे, डेपोत तेच चालतं. फक्त हुलवे दिलं नाही ना बघा. ते किंदळ, ऐनाचंच भाऊबंद.