सुझन पॉवेल केस: नवऱ्याला अटक का नाही झाली?

निशाचर_९०: दोन दिवस झाले ही केस वाचतेय, डोक्यातून जातच नाहीये. अमेरिकेत युटा मधली वेस्ट व्हॅली सिटी, डिसेंबर २००९, बाई २८ वर्षांची, दोन मुलगे, एक ४ चा एक २ चा. रविवारी दुपारी घरी मैत्रीण आलेली, नवऱ्याने (जॉश) पॅनकेक केले, नंतर सुझनला थकल्यासारखं वाटलं म्हणून ती आडवी झाली आणि त्यानंतर तिला कोणी बघितलंच नाही. सोमवारी मुलं पाळणाघरात आली नाहीत म्हणून शोधाशोध सुरू झाली, पोलीस घरात शिरले तर घरात कोणी नाही, सोफ्यावर ओला डाग आणि तो वाळवायला दोन पंखे लावलेले!! तिची पर्स घरातच. संध्याकाळी नवरा मुलांना घेऊन परत, म्हणे मध्यरात्री कॅम्पिंगला गेलो होतो. बर्फात, दोन वर्षांच्या पोराला घेऊन! तिचा फोन त्याच्या गाडीत, सिम गायब. एवढं असून अटक का नाही??

काळाकोट: वकील आहे पण तिकडची नाही, त्यामुळे बेताने घ्या. बॉडी नाही म्हणून केस होत नाही हा गैरसमज आहे, आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्येच रमा नंद केसमध्ये सांगितलंय की प्रेत सापडलंच पाहिजे असं नाही, अमेरिकेतही अशा शिक्षा झाल्यात. पण मग परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पक्की लागते. सोफ्याजवळ तिचं रक्त मिळालं होतं, पण ती मेली कशी, कुठे, कधी काहीच नाही. एकदा निर्दोष सुटला की त्याच गुन्ह्यासाठी परत खटला नाही, म्हणून सरकारी वकील थांबतात. इथे थांबणं महागात पडलं.

सिअॅटलकर: महागात म्हणजे किती ते सांगतो, कारण पुढचं सगळं आमच्या वॉशिंग्टन राज्यात झालं. जॉश मुलांना घेऊन इकडे बापाकडे राहायला आला. २०११ मध्ये बापालाच अटक झाली, चोरून फोटो काढायचा, लहान मुलींचेसुद्धा. मग मुलं सुझनच्या आईवडिलांकडे गेली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कोर्टाने जॉशला ताबा नाकारला, वर मानसिक तपासणी करून घे म्हणून सांगितलं. चारच दिवसांनी भेटीचा दिवस होता. सोबत आलेल्या सोशल वर्करला बाहेर ठेवून त्याने दार लावलं, मुलांवर कुऱ्हाडीने वार करून घर पेटवून दिलं. तिघेही गेले. ती सोशल वर्कर बिचारी बाहेरून ९११ ला (तिकडचा इमर्जन्सी नंबर) सांगतेय पेट्रोलचा वास येतोय आणि पलीकडचा माणूस प्रश्नच विचारत बसला. २०२० मध्ये ज्युरीने राज्य सरकारने आजीआजोबांना ९८ मिलियन डॉलर द्यावेत म्हणून निकाल दिला. घ्या, काय करायचं त्या पैशाचं.

निशाचर_९०: बाप रे. मुलांचं एवढं माहीत नव्हतं. आणि मोठा मुलगा म्हणे पोलिसांना म्हणाला होता की आई पण कॅम्पिंगला आली होती पण परत नाही आली. ४ वर्षांचं पोर, कोर्टात कोण धरणार त्याचं.

मावशी_ठाणे: धाकट्या दिराचं कोणी बोलतच नाही. मायकलने स्वतःची गाडी ओरेगनमध्ये भंगारवाल्याकडे सोडलेली, प्रेताचा वास ओळखणाऱ्या पोलिसी श्वानाने डिकीपाशी इशारा दिला. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याने पार्किंगच्या इमारतीवरून उडी मारली, मेच्या सुमारास पोलिसांनी सक्रिय तपास थांबवला. विचारायला कोण उरलं मग? वाळवंटातल्या जुन्या खाणी, टोपाझ माउंटन, सगळीकडे शोधून झालंय.

मला मात्र तिची चिठ्ठी आठवते. २००८ मध्येच हाताने लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली, की मी मेले तर तो अपघात नसेल, दिसायला तसा दिसला तरी. त्याच वर्षी तिने घरातल्या वस्तूंचा व्हिडिओ पण करून ठेवला होता, काय काय आहे, नवऱ्याने काय मोडलं. हे सगळं नवऱ्याच्या नकळत करायचं, आणि तरी घर सोडायचं नाही, मुलांसाठी. आपल्या नात्यात, बिल्डिंगमध्ये बघा, अशा किती जणी दिसतील.

काळाकोट: मावशी, माझ्याकडे येतात अशा. लॉकरमध्ये ठेवू नका म्हणून सांगते मी, एक कॉपी माहेरी द्या.