केशिका बलाचा एवढा बाऊ कशाला?

गाळखडक:
जमिनीखालचं जड, घट्ट खनिज तेल काढायची चर्चा निघाली की लोक तीन बलं एका दमात मोजतात: श्यानता (द्रवाचा घट्टपणा, वाहायला होणारा विरोध), केशिका बल (खडकाच्या बारीक छिद्रांत पृष्ठताणामुळे द्रवाला ओढणारं किंवा अडवणारं बल), गुरुत्वाकर्षण. माझं मत, मधल्याला सरळ रजा द्यावी. कॅनडातल्या अथाबास्काचं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं तेल, भूगर्भातल्या तापमानाला दहा लाख सेंटीपॉइजच्या (श्यानतेचं एकक) घरात असतं, पाणी १. असल्या डांबराला इवल्याशा छिद्रांतला पृष्ठताण आणखी काय अडवणार? वाफेने २०० अंशांच्या वर तापवा, तेच १० सेंटीपॉइजच्या आसपास येतं आणि आपल्याच वजनाने ओघळतं. अभियंते रॉजर बटलर यांची पद्धत यावरच उभी आहे: एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी, मध्ये साधारण ५ मीटर, वरच्या विहिरीतून वाफ आत, खालच्या विहिरीतून तेल बाहेर.

रेवती_प:
असहमत. तुमचं गुरुत्वाकर्षण दांडगं दिसतं, कारण समोर वाफ आहे. तेल आणि वाफेच्या घनतेत घनमीटरला जवळपास १००० किलोंचा फरक, म्हणजे दर मीटर उंचीला सुमारे १० किलोपास्कल. आता वाफेच्या जागी पाणी ठेवा. १२ एपीआयचं (तेलाच्या घनतेचं माप, आकडा लहान तितकं तेल जड) तेल पाण्यापेक्षा जेमतेम १४ किलोंनी हलकं. मीटरला ०.१४ किलोपास्कल! उलट १० मायक्रॉन त्रिज्येचं छिद्र आणि मीटरला ०.०२ न्यूटन पृष्ठताण धरला, तर केशिका दाब ४ किलोपास्कलपर्यंत जातो. रजा नक्की कुणाला द्यायची?

गाळखडक:
पण पाणी घ्यायचंच कशाला? हजारपट घट्ट तेलामागे पाणी ढकललं की ते बोटांसारखं घुसतं, वाट काढतं आणि थेट उत्पादन विहिरीत उतरतं. तेल जागच्या जागी.

भूजलवेडा:
गाळखडक +१. पॉलिमर घालून पाणी घट्ट करतात, कॅनडाच्या अल्बर्टातल्या पेलिकन लेक तेलक्षेत्रात ते मोठ्या प्रमाणावर केलंय. म्हणजे गाडी पुन्हा श्यानतेवरच.

रेवती_प:
घुसतं, मान्य. पण खरी गंमत त्यानंतर आहे. वाट पडल्यावर पंपाचा जोर वाढवला तर पाणी त्याच वाटेने पळत राहतं. वेग कमी केला, तर ते वाटेच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांत शोषलं जातं, टिपकागदासारखं, आणि तिथलं तेल वाटेवर येतं. हे काम केशिका बलाचं. अट एकच: खडक पाण्याला जवळ करणारा हवा, तेलाला चिकटणारा असेल तर माझा मुद्दा बाद. आणि जिथे थर पातळ आहे तिथे वाफेची अर्धी उष्णता वरखालचे खडकच खातात. मग तुमची ती जोडविहीर परवडते का?

गाळखडक:
पातळ थरांपुरतं मान्य. पण शोषणाच्या त्या गतीने तेल किती वर्षांत निघणार, हेही सांगा. पंप चालवायचा खर्च थांबत नाही. आणि बिट्युमेनला तर टिपकागद लावूनही ते हलणार नाही.

रेवती_प:
बिट्युमेनबद्दल मी बोलतच नव्हते. काही हजार सेंटीपॉइजचं तेल, जे आधीच थोडंफार वाहतं, त्याबद्दल बोलतेय. धाग्यात तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरलीत.