इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली नोकरी: क्षेत्र बदलावे की इथेच पाय रोवावेत?

चाकणचा प्रवासी:
नमस्कार. मी मेकॅनिकलचा डिप्लोमाधारक असून चाकण एमआयडीसीतील एका पुरवठादार कारखान्यात दहा वर्षांहून अधिक काळ क्वालिटी विभागात काम करतो. आमचा मुख्य माल म्हणजे दुचाकीच्या इंजिनातील झडपा उघडण्या-मिटण्याचे काम करणारे कॅमशाफ्ट आणि रॉकर आर्म. विजेवर चालणाऱ्या दुचाकीत या दोन्ही भागांचे काहीच काम नसते. अलीकडे आमची एक लाइन बंद झाली आणि तिथल्या कंत्राटी मुलांना कमी करण्यात आले, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. माझे मेहुणे हिंजवडीत नोकरीला आहेत. सहा महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स करून मी आयटीत यावे, असा त्यांचा आग्रह आहे. मला मात्र मोजमापाचे काम मनापासून आवडते, आणि एखाद्या भागात चार-पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक नेमका कुठून आला याचा शोध घेताना शिफ्ट कधी संपली हे कळतही नाही. वय पस्तिशीच्या पुढे आहे, गृहकर्ज चालू आहे. या कामावर आणखी वीस वर्षे काढता येतील का, हे जाणकारांनी कृपया स्पष्टपणे सांगावे.

मायक्रोमीटर:
आपण काय बनवता आणि आपल्याला काय येते, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात. कॅमशाफ्टची मागणी घटेल, हे खरे आहे. पण ड्रॉइंगवरील जीडी अँड टी (भागाच्या आकारात व जागेत किती फरक चालेल हे सांगणाऱ्या खुणा) वाचणे, सीएमएमवर (भागाची मापे त्रिमितीत घेणारे यंत्र) भाग योग्य डेटमवर (मोजणीसाठी आधार धरलेला पृष्ठभाग किंवा रेषा) धरणे, एसपीसीचे (आकडेवारीच्या आधारे उत्पादनावर ठेवलेले नियंत्रण) आलेख पाहून बिघाड होण्याआधी तो ओळखणे, पीपॅपची (भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची पद्धत) कागदपत्रे ग्राहकापुढे टिकतील अशी तयार करणे, यांपैकी काहीही केवळ कॅमशाफ्टपुरते नाही.

विजेच्या गाडीत मोजमाप कमी लागते, हाही गैरसमज आहे. इंजिनाचा आवाज गेल्यामुळे गिअरच्या दात्यांची बारीकशी घरघरही आता चालकाच्या कानावर येते, आणि मोटर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असेल तर दात्यांचा पृष्ठभाग व शाफ्टचा समतोल यांबाबतची सूट आणखी कमी होते. मोटर आणि बॅटरीच्या ॲल्युमिनिअमच्या आवरणांना पाणी शिरू नये म्हणून लीक टेस्ट असते, आणि सीलिंगच्या पृष्ठभागाची सपाटी तपासावीच लागते. ब्रेक, सस्पेन्शन व स्टिअरिंग तर दोन्ही प्रकारच्या गाड्यांत आहेतच.

माझ्या मते आपण एमएसए, म्हणजे मोजण्याची पद्धतच किती भरवशाची आहे हे तपासण्याचे तंत्र, खोलात शिकावे. गेज आर अँड आर (मापांतील फरकात खुद्द मोजणीमुळे आलेला वाटा) १० टक्क्यांच्या आत आला की गेज चांगला आणि ३० टक्क्यांच्या वर गेला की नापास, एवढे पाठ असणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो ३५ का आला, दोष गेजचा, फिक्श्चरचा (मोजताना भाग धरून ठेवणारे साधन) की मोजणाऱ्याच्या हाताचा, हे आकड्यांवरून सांगणारे फार थोडे असतात, आणि मुलाखतीत नेमके तेच विचारले जाते. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाची सवय असलेल्या माणसाला वैद्यकीय उपकरणांसाठीचे आयएसओ १३४८५ किंवा विमानोद्योगाचे एएस ९१०० आत्मसात करायला फारसा वेळ लागत नाही.

गिरणगावची लेक:
मी कार्मिक विभागात आहे, त्यामुळे पैशांच्या बाजूने लिहिते. लालबाग-परळमध्ये वाढल्यामुळे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाची चर्चा आमच्या घरात कधीच संपली नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आमच्या चाळीत पुढे ज्यांची घरे तुलनेने लवकर सावरली, त्यांत यंत्रदुरुस्ती करणारे फिटर आणि वायरमन अधिक होते, कारण त्यांचे कसब कापडाशी बांधलेले नव्हते. अर्थात सगळा दोष कसबाला देणे अन्यायाचे ठरेल. हाताशी चार महिन्यांचा खर्च नसलेला कुशल माणूसही मिळेल ते काम पत्करतो.

म्हणून काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. नोकरी बदलताना पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायम राहणारा क्रमांक) वर्ग करून घ्या. पेन्शन योजनेतील आपली सेवा दहा वर्षांहून अधिक असल्यास निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण झालेला आहे, तेव्हा जुन्या नोंदींत जन्मतारीख, नाव किंवा रुजू होण्याची तारीख चुकलेली असेल तर कंपनी चालू असतानाच दुरुस्त करून घ्या. बंद पडलेल्या कंपनीकडून सही मिळवणे हा स्वतंत्र छळ असतो. ग्रॅच्युइटीचा हक्कही आपल्याला आहेच. आणि उद्या लाइन बंद झाली व कोणी घाईघाईने राजीनामा लिहून मागितला, तर सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका. कायद्याच्या व्याख्येनुसार आपण कामगार ठरत असाल, तर कपातीची भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते, आणि स्वेच्छेने राजीनामा दिलेल्याला ती मागता येत नाही.

चाकणचा प्रवासी:
दोघांचेही आभार. ताई, पीएफच्या नोंदी आजच तपासतो. अडचण अशी, की आमच्याकडे सीएमएमचे प्रोग्रॅम एकच जण करतो आणि तो दुसऱ्याला हात लावू देत नाही. बाहेर शिकून अनुभव कसा दाखवावा?

भोसरी एस ब्लॉक:
माझा छोटा वर्कशॉप आहे, म्हणून नोकरी देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. वर इंजिनाचा काळ संपल्यासारखे लिहिले गेले आहे, ते मला तितकेसे पटत नाही. आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोलच्या दुचाकींना सुटे भाग पुढची अनेक वर्षे लागणारच आहेत. त्यामुळे घाबरून उडी मारण्याची गरज नाही; शिकायला आपल्याला वेळ आहे.

मेहुण्यांचे म्हणणेही पूर्णपणे झटकू नका. आयटीत नवशिक्या म्हणून बाविशीच्या मुलांशी स्पर्धा करण्यात मला अर्थ दिसत नाही, पण थोडे पायथन (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) शिकून सीएमएमच्या रिपोर्टमधील आकडे आपोआप एकत्र करून त्यांचा कल दाखवू शकणारा क्वालिटीचा माणूस मी लगेच ठेवून घेईन. एक्सेलमध्ये हाताने आकडे भरण्यात आमचा रोजचा किती वेळ जातो, हे इथल्या कोणत्याही छोट्या कारखानदाराला विचारा.

सीएमएमबद्दल सांगायचे तर त्या एकाच माणसाच्या मागे लागू नका. भोसरी-चिंचवड पट्ट्यात तासाच्या दराने भाग मोजून देणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा आहेत, आणि आमच्यासारखे स्वतःची मशीन नसलेले लोक तिथेच जातात. त्यांच्याकडे रोज वेगळ्या उद्योगाचा भाग येतो, म्हणून तिथे वर्षभरात जे पाहायला मिळते ते एकाच लाइनवर मिळत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या, मोजण्याच्या साधनांची अचूकता तपासणाऱ्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळांना तर मोजमापातील अनिश्चितता मांडता येणारी माणसे हवीच असतात. पगार सुरुवातीला आताच्यापेक्षा कमी सांगतील, तेव्हा गृहकर्जाचा हप्ता मांडूनच निर्णय घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्येही अशा विषयांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात. प्रवेशाआधी मशीनवर प्रत्यक्ष किती तास मिळणार आणि कोणते सॉफ्टवेअर शिकवणार, हे फोनवर विचारून घ्या, कारण मुलाखतीला आलेल्या मुलाला मी प्रमाणपत्र बाजूला ठेवायला सांगतो आणि एक ड्रॉइंग देऊन पहिला डेटम कोणता धरशील, एवढेच विचारतो.