बोट लागू नये म्हणून तुम्ही काय करता? क्रूझवरची केबिन कशी निवडलीत?

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जायचं ठरतंय. बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. आईला लहानपणापासून सगळंच लागतं. घाटात एसटी लागते, कोकणातल्या रस्त्यांना कार लागते, गेटवेहून मांडव्याला जाताना लाँच लागली होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जयगडला जायची. डेकवर वळकटी पसरायची, मुठीत लिंबू धरायचं आणि जयगड येईपर्यंत डोळे मिटून पडायचं. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची, मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून यायचं. खरे हाल त्या पडावात व्हायचे असं आजी सांगायची. हे सगळं ऐकतच आई मोठी झाली, त्यामुळे क्रूझचं नाव काढल्याबरोबर म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते."

मला ती घरी थांबायला नकोय. आजवरच्या प्रत्येक सहलीत तिने खिडकीला टेकून रस्ता संपायची वाट पाहिलीय. म्हणून विचारतेय. कुठला समुद्र होता, कुठला महिना, केबिन कुठे होती, गोळी कोणती आणि केव्हा घेतली, सगळं लिहा. फसलेले प्रयत्नही लिहा, तेच जास्त उपयोगी पडतील.

*

आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा मुंबई-गोवा. पहिल्यांदा मे महिना संपता संपता. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी निघालो, बंदराच्या आत होतो तोवर काही जाणवलं नाही. नऊ वाजता पोटभर जेवलो, तळलेलं, मसालेदार, वर आइस्क्रीम. दहाच्या सुमारास बायकोचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम, तोंडाला पाणी सुटलेलं. तेव्हा कुठे आम्ही गोळी शोधायला लागलो. ती पोटात पाच मिनिटंही टिकली नाही.

केबिन होती अगदी पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर. समोरून समुद्र दिसेल म्हणून मुद्दाम जास्त पैसे मोजून घेतलेली. रात्रभर पलंग खालून उचलला जायचा आणि मग हात काढून घेतल्यासारखा खाली जायचा. कपाटातले हँगर दाराला घासत होते. तो आवाज आठवला की मला आजही ढवळतं.

दुसऱ्यांदा जानेवारीत गेलो. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध. डॉक्टरांना विचारून तिने अॅव्होमिनची एक गोळी आदल्या रात्री झोपताना घेतली. रात्री वरण-भात खाल्ला. सकाळी उठून डेकवर चहा प्यायलो, ती माझ्याआधी उठली होती. आता हे जानेवारीच्या शांत समुद्रामुळे झालं की गोळीमुळे, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी पोटात हवी, एवढं पक्कं.

*

मी मर्चंट नेव्हीत २२ वर्षं काढली, इंजिन रूममध्ये. ताई, आईंना सांगा की बोट लागणं हा काही दुबळेपणा नाही. पहिल्या खेपेला मला तीन दिवस लागली होती. माझ्या सीनियरने बादली हातात दिली आणि म्हणाला, काम करत राहा. तिसऱ्या दिवशी शरीराला सवय झाली. इंग्लंडचा नेल्सन आयुष्यभर आरमारात होता आणि त्यालाही बोट लागायची. डार्विन बीगल जहाजावर १८३१ ते १८३६ हिंडला, तोही झोपाळ्यात आडवा पडून मनुके खाऊन दिवस काढायचा.

केबिनचं बघा. बागेतला सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. टोकाला बसलेलं मूल आपटतं, मध्ये बसलेलं जवळजवळ जागच्या जागी राहतं. जहाजाचं पिचिंग तसंच, नाक वर तर शेपटी खाली. म्हणून लांबीत मधोमध. रोलिंग म्हणजे डावी-उजवीकडे झुकणं. ते झाडासारखं आहे, शेंडा जास्त हलतो, बुंधा कमी. म्हणून खालचा मजला. मोठ्या प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझरची पाती असतात, त्यांनी रोलिंग बरंच आटोक्यात येतं. पिचिंगवर त्यांचा इलाज नाही. म्हणजे मजला की मध्यभाग, एकच मिळत असेल तर मध्यभाग घ्या.

अगदी खाली पुढच्या बाजूला मात्र घेऊ नका. बंदरात शिरताना तिथले बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं नाक बाजूला वळवणारे पंखे, सुरू होतात आणि नांगराची साखळी सुटते. पहाटे पाचला ते ऐकलं की माणूस पलंगातून उडतो. अगदी मागे प्रोपेलरची थरथर असते. तिची मला झोप लागायला मदतच व्हायची, पण ती सवयीची गोष्ट.

*

कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून थोडं लिहिते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. बंद केबिनमध्ये डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे, कान सांगतो की आपण हलतोय. मेंदूला हा मेळ लागत नाही आणि मळमळ सुरू होते. साधारण पाच सेकंदांत एकदा होणारी संथ वर-खाली हालचाल सर्वांत जास्त त्रास देते, आणि मोठं जहाज नेमकं तसंच हलतं. मोबाइल किंवा पुस्तकात डोकं घातलं की हा झगडा वाढतो. क्षितिजाकडे बघितलं की डोळे आणि कान पुन्हा एकच गोष्ट सांगू लागतात. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही, दोन ते बारा या वयात सर्वाधिक होतो. अर्धशिशी असलेल्यांना आणि गरोदर बायकांना जास्त.

आता औषधं. धागाकर्तीच्या वडिलांचं वय वाचून मला हे लिहायलाच हवं. अॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन, त्याने गुंगी येते. हलत्या जहाजावर, रात्री बाथरूमचा उंबरा ओलांडताना, सत्तरीतल्या माणसाला ही गुंगी महागात पडू शकते. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडण्याची भीती असते. काचबिंदूच्या काही प्रकारांत ही औषधं चालत नाहीत. कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी तीन दिवस काम करते, पण तिलाही हेच सगळे नियम लागू. ती निघायच्या निदान चार तास आधी लावायची आणि लावल्यावर हात साबणाने धुवायचे. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं. सिनारिझिनने गुंगी थोडी कमी येते, पण कंपवात असलेल्यांनी ते टाळावं. उलटी थांबवायला घरात ठेवलेली ऑनडॅनसेट्रॉन बोट लागू नये म्हणून फारशी उपयोगी नाही, आणि सर्दीवरची, फारशी झोप न आणणारी सेटिरिझिनही नाही. कुठलीही गोळी असो, त्यावर दारू नको.

कृपा करून कोणती गोळी आणि किती, हे इथे वाचून ठरवू नका. आई-बाबांच्या चालू औषधांची यादी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. गोळी ठरली की घरी असताना एक दिवस घेऊन पाहा, किती गुंगी येते ते कळेल.

*

क्रूझ नाही, पण अंदमानचा अनुभव. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून हॅवलॉक बेटाला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, कॅटामरान ही वेगवान बोट जाते, दीडेक तासांची. एसी केबिन, काचा बंद, बाहेर जाता येत नाही. निघाल्यावर कर्मचारी पिशव्या वाटत फिरला तेव्हाच मला समजायला हवं होतं. अर्ध्या तासात आमच्या ओळीत चौघांना उलटी झाली, आणि एकाची झाली की वासाने दुसऱ्याची होते. लेक सहा वर्षांची. ती शेवटी माझ्या मांडीवर आडवी झाली आणि म्हणाली, "आई, समुद्र बंद कर ना."

परतताना तिच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं औषध वेळेत दिलं, मागच्या भागात मधल्या रांगेतल्या जागा मागून घेतल्या, स्क्रीनवाला टॅब बॅगेतच ठेवला, आणि समोर दूर दिसणारं बेट ओळखायचा खेळ खेळलो. जाताना औषध बॅगेत होतं, पण द्यायला उशीर झाला होता. ते माझ्या मनाला अजून लागतं.

*

सिएटलहून लिहितोय. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक आई-बाबांना अलास्का दाखवायचं असतं, त्यामुळे ही सफर माझी चारदा झालीय. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बहुतेक इनसाइड पॅसेजने जातात, दोन्ही बाजूंना बेटं, पाणी तळ्यासारखं. सिएटलहून निघणारी बरीचशी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. किंमत बघून आम्ही एकदा सिएटलहून सप्टेंबरात गेलो आणि पहिला अख्खा दिवस आईने आडवं पडून काढला. आता मी केबिनच्या आधी नकाशा उघडतो.

बाल्कनी घ्यावी का, यावर घरात वाद होतो. खिडकी नसलेली आतली केबिन खालच्या मजल्यावर मध्यभागी असेल तर हलते कमी, पण डोळ्यांना धरायला काही नसतं. बाल्कनी वरच्या मजल्यावर मिळते, जास्त हलते, पण दार उघडलं की वारा आणि क्षितिज. माझ्या आईला वारा हवा असतो, म्हणून आम्ही पैसे घालून मधली बाल्कनी घेतो. बाबांना डोळे मिटून अंधारात पडायला आवडतं, त्यांना आतली खोली पुरली असती. आपल्या माणसाला काय बरं वाटतं ते बघून ठरवा. स्वस्त 'गॅरंटी' केबिन मात्र ज्याला लागतं त्याच्यासाठी नको. त्यात खोली कंपनी ठरवते, आणि ती अगदी टोकाची निघू शकते.

*

हलण्याशी संबंध नाही पण झोपेशी आहे. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि आपल्या केबिनच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. आमच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव होता, पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. थिएटर, नाचाचा हॉल, स्वयंपाकघर यांच्या वर-खाली नको. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा सर्वांत शांत. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर पलीकडचं सगळं ऐकू येतं. आणि समुद्र दिसणारी खिडकी म्हणून घेतलेल्या केबिनसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, तेही तपासा.

*

आमचं घर मालवणचं, आणि मी पर्यटकांना बोटीतून डायव्हिंगला नेतो. उपाशीपोटी येणाऱ्याला सगळ्यात आधी लागते. "उलटी होईल म्हणून काही खाल्लं नाही," असं सांगतात, आणि मग कोरडे उमासे काढून बेजार होतात. पेज, भाकरी, केळं, बिस्कीट, असं हलकं काहीतरी पोटात हवं. नांगर टाकलेली बोट लाटेवर जास्त झोल खाते, आणि इंजिनाच्या धुराजवळ बसलात तर संपलंच. ज्याला मळमळतंय त्याला आम्ही पहिला पाण्यात उतरवतो, बरं वाटतं त्याला. माझी आई आल्याची वडी द्यायची, मीही आलेपाक ठेवतो. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण तोंडाची चव बदलते आणि माणूस दोन मिनिटं शांत बसतो.

*

अंटार्क्टिकाला जाताना ड्रेक पॅसेज ओलांडला, निवृत्तीनंतरचं आमचं दोघांचं स्वप्न. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधलं सुमारे ८०० किलोमीटरचं पाणी, जायला दोन दिवस, यायला दोन. नशीब असेल तर 'ड्रेक लेक', म्हणजे तळ्यासारखं शांत, नसेल तर 'ड्रेक शेक', म्हणजे नुसते हेलकावे. आम्हाला जाताना शेक मिळाला. पहिल्या संध्याकाळी कॉरिडॉरच्या कठड्यांमागे कागदी पिशव्या ओळीने खोचून ठेवल्या, कुणी काही बोललं नाही, सगळ्यांना समजलं. सूचना एकच होती, एक हात कायम जहाजासाठी, म्हणजे एका हाताने सतत काहीतरी धरून ठेवायचं.

आमची केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावर, मध्यभागी. हललं खरंच कमी. पण समुद्र खवळला तसं खालच्या गोल खिडक्यांवर लोखंडी झाकणं लावली, आणि क्षितिज गेलं. मग आम्ही उताणं पडायचो, डोकं उशीत घट्ट, डोळे मिटून. ह्यांच्या मानेखाली मी गुंडाळलेलं जॅकेट ठेवलं होतं, त्याने डोकं इकडे-तिकडे होत नव्हतं. हिरवं सफरचंद आणि खारं बिस्कीट, दोन दिवस एवढंच पोटात टिकलं. तिसऱ्या सकाळी झाकणं निघाली आणि बाहेर पहिला हिमनग होता. घरी परतल्यावर दोन दिवस मोरीत उभं राहिलं की जमीन डोलायची. तेही होतं, घाबरू नका.

*

ताई, सिंगापूरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डिसेंबर असेल तर मार्ग बघा. पेनांग-फुकेतकडे जाणारं जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं, एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, पाणी शांत. त्या दिवसांत फुकेतची बाजूही शांत असते. व्हिएतनामकडे जाणारं दक्षिण चीन समुद्रात शिरतं आणि तिथे डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी वारे समुद्र घुसळतात. आम्ही आईला घेऊन पेनांग-फुकेत केली, तिला जहाज चालू आहे हेच पटेना. फुकेतला मात्र जहाज लांब उभं राहिलं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेलं, तिथे तिने माझा हात घट्ट धरला होता. त्या बोटीसाठी मनाची तयारी ठेवा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा आईला वाचून दाखवला. दर्यावर्दी काकांचा सी-सॉ तिला लगेच पटला, डॉक्टरताईंचं लिहिलेलं बाबांनी दोनदा वाचायला लावलं. आम्ही पेनांग-फुकेतची सफर नक्की केलीय. पाचवा मजला, मधोमध, मोठी खिडकी, वर-खाली दोन्हीकडे केबिन. खिडकीसमोर लाइफबोट नाही, मी तपासलं. बाबांच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची आहे, औषधांची यादी करून ठेवलीय.

फुकेतच्या लहान बोटीचं वाचल्यावर आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे पडावच की. आई उतरायची, मीही उतरेन. लिंबू मात्र सोबत घ्या."