०.०५ आणि ५० एकच का?

बी-२०३ करंदीकर काकू, सकाळी ७:४२
नमस्कार मंडळी. कोणी जागं आहे का? आईंची थायरॉइडची गोळी. आपल्या इथल्या स्ट्रिपवर ५० एमसीजी आहे. समीर अमेरिकेहून बाटली घेऊन आलाय, तिच्यावर ०.०५ एमजी. कुठे ५० आणि कुठे ०.०५! दुकानात विचारलं तर तो म्हणाला, वेगळी दिसते, देऊ नका. जुनी स्ट्रिप संपली होती, म्हणून तीन दिवस गोळी दिलेलीच नाही. आज आई विचारताहेत, माझी सकाळची गोळी कुठंय?

सेक्रेटरी भागवत, ७:४६
काकू, डॉक्टरांना फोन करा आधी. ग्रुपवर औषधं नकोत.

काकू, ७:४७
दवाखाना अकराला उघडतो भागवत. तोवर बसून काय करू?

ए-१०४ काळे काका, ७:५१
सगळे जागे आहेत तर विचारतो. नवीन पंपाच्या पाटीवर ३.७ लिहिलंय. आपण पैसे ५ चे दिले. खुलासा हवा.

सी-३०१ देव काका, ७:५८
करंदीकर वहिनी, घाबरू नका. दोन्हींत औषध तेवढंच. एमजी म्हणजे मिलिग्रॅम, एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम. मिली म्हणजे हजारावा भाग, मायक्रो म्हणजे त्या मिलीचाही हजारावा भाग. १ मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम. ०.०५ ला हजाराने गुणा, ५० येतात. फक्त बाटलीवर औषधाचं नाव तेच आहे ना ते पाहा, आणि तीन दिवस चुकल्याचं डॉक्टरांना सांगा. मनाने दोन गोळ्या एकदम देऊ नका.

काकू, ८:०१
नाव तेच आहे. एमच्या पुढे तो बारका सी आहे, तो पाहून लिहिला, पण त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

सी-१०२ रोहन, ८:०२
एका सी ने एवढा घोळ! भिया, मग सी विंगला मेंटेनन्स माफ करा 😄

भागवत, ८:०३
सी विंगचा मागचाच बाकी आहे रोहन.

देव काका, ८:१०
रोहन, हसण्यावारी नको नेऊ. मायक्रोची खरी खूण शेपटीवाला ग्रीक म्यू. घाईत हाताने लिहिला की एमसारखा दिसतो आणि औषध एकदम हजारपट वाचलं जातं. म्हणून औषधांवर एमसीजी लिहितात. कॅटमध्ये, म्हणजे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, नवी मुलं यायची त्यांना मी पहिल्या दिवशी विचारायचो: आपल्या इंडस-१ यंत्राचे इलेक्ट्रॉन ४५० मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे, इंडस-२ चे २.५ गिगाचे. मोठं कुठलं? निम्मी मुलं ४५० म्हणायची. आकडा पाहतात, त्याच्या पुढचा शब्द पाहत नाहीत. २.५ गिगा म्हणजे २५०० मेगा. वहिनींचं तेच झालं.

काळे काका, ८:१२
पाटीवर ३.७. पैसे ५ चे. खुलासा हवा.

ए-४०२ मृणाल, ८:१५
काका, आमच्या ईशानचं पण हेच. उद्या युनिट टेस्ट आहे. किलो-हेक्टो घडाघडा म्हणतो आणि मायक्रो आलं की अडतो.

बी-१०१ जोगळेकर बाई, ८:२१
मृणाल, माझ्या नातवाला मी ओळ करून दिली आहे. "किती हे डेरे, मीठ डेचकीत सेंधा मिसळा." किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. तीन दिवसांत पाठ झाली.

सी-२०४ सानिका, ८:२३
सेंधा?? मराठीत सैंधव म्हणतात बाई.

जोगळेकर बाई, ८:२५
सैंधवाने सेंटी कसं आठवणार? आणि आमच्या इंदूरच्या घरात तीन पिढ्या सेंधाच येतंय. पुण्याहून आलेल्यांना खटकणारच.

सानिका, ८:२६
मी कुठे काय म्हटलं. असो.

रोहन, ८:२७
पोहे-जलेबीवर मिटवा 🙏

देव काका, ८:३४
बाईंची ओळ उत्तम. पण ईशान अडतो ते तिच्या पुढे. मधल्या पायऱ्या दहा-दहाच्या आहेत. किलोच्या वर आणि मिलीच्या खाली एकदम हजाराची उडी. खाली मिली, मायक्रो, नॅनो, पिको. वर किलो, मेगा, गिगा, टेरा. दर पायरीला तीन शून्यं. आपल्याला जड जातं, कारण आपण हजारानंतर शंभराने चढतो, लाख, कोटी. म्हणून वहीत असं लिहून घ्या: मेगा दहा लाख, गिगा शंभर कोटी, टेरा एक लाख कोटी.

जोगळेकर बाई, ८:३९
आणि टेराच्या पुढे संस्कृत धावून येतं! पेटा ग्रीक पाचावरून, आपलं पंच. एक्सा सहा, षट्. झेटा सात, सप्त. योटा आठ, अष्ट. पेटा म्हणजे हजार हा आकडा पाच वेळा मांडून गुणायचा, एक्साला सहा वेळा. डेका म्हणजे दश आणि सेंटीतलं लॅटिन सेंटम म्हणजे शत, ही तर सख्खी भावंडं. मुलांना हे नातं सांगा, रट्टा मारावा लागत नाही.

मृणाल, ८:४१
योटानंतर काही नाही ना? 😰

देव काका, ८:४३
आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये रोना आणि क्वेटा आले. रोना एकावर २७ शून्यं, क्वेटा ३०. शाळेत विचारणार नाहीत.

बी-४०१ आपटे आजोबा, ८:५०
शेर-छटाक जाऊन किलो आलं तेव्हा मी चौथीत होतो. ऑक्टोबर १९५८. नवे पैसे दीड वर्ष आधीच आले होते. आई कितीतरी वर्षं वाण्याकडे शेरच मागायची. सराफ्यात तोळा अजून गेला नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्ली १० चा धरतात.

भागवत, ८:५२
आजोबा, छान. पण ग्रुप सोसायटीच्या कामाचा आहे हे सर्वांना विनम्र स्मरण.

काळे काका, ८:५३
तेच म्हणतोय. पाटीवर ३.७. पैसे ५ चे. गणपतीच्या वर्गणीसारखं गोलमाल उत्तर नको.

भागवत, ८:५४
वर्गणीचा हिशोब बोर्डावर महिनाभर लावला होता काळे साहेब. वाचायला खाली यावं लागतं.

देव काका, ८:५८
थांबा दोघं. काळे, ३.७ च्या पुढे काय लिहिलंय?

काळे काका, ९:०४
खाली जाऊन आलो. किलोवॉट.

देव काका, ९:०७
आणि आपण घेतला ५ हॉर्सपॉवरचा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. पाच म्हणजे ३७३० वॉट, म्हणजे ३.७ किलोवॉट. पंप बरोबर आहे.

मृणाल, ९:०९
काका, हा प्रश्न ईशानला घालते आता.

काकू, ११:२६
डॉक्टरांशी बोलले. गोळी तीच आहे, उद्या सकाळी उपाशीपोटी नेहमीसारखी एक. चुकलेल्या तीन भरून काढायच्या नाहीत. बाटलीवर मार्करने ५० मायक्रो लिहून ठेवलंय. देव भाऊजी, संध्याकाळी चहाला या.

काळे काका, ११:४०
पाटी पुसून पाहिली. गंजाखाली ५ एचपी पण लिहिलेलं आहे. पण नवीन पंपाला गंज कसा? खुलासा हवा.