विषय: घरच्या डीव्हीडी उतरवताना हालचालीत रेघा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे घरी चित्रित केलेल्या साधारण ६० डिस्क आहेत. बहुतेक डीव्हीडी-आर, थोड्या जुन्या व्हीसीडी. सासूबाई गेल्या, आता त्यांचा आवाज यातच उरलाय, म्हणून सुट्टीत सगळं हार्ड डिस्कवर घ्यायला बसले. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून १२ डिस्कच्या एमपी४ फाइली झाल्या. मूळ चित्र बिघडू नये म्हणून त्यातले सगळे फिल्टर बंद ठेवले होते. तरी कोणी हललं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. तीच डिस्क प्लेअरमध्ये घालून टीव्हीवर पाहिली तर चित्र स्वच्छ! शिवाय ३ डिस्क मध्येच अडकतात, आणि एक तर संगणक सरळ रिकामी म्हणून दाखवतो. उतरवून झालेल्या डिस्क टाकून द्यायच्या विचारात आहे, कारण ठेवायला जागा नाही. कोणी हे काम केलंय का?

—

ताई, आधी एकच विनंती: डिस्क इतक्यात टाकू नका. त्या १२ सुद्धा पुन्हा घ्याव्या लागतील.

रेघांचं कारण असं. त्या काळच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनायची. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे अशी ५० अर्धी चित्रं. दोन अर्ध्यांमध्ये १/५० सेकंद जातो, तेवढ्यात हात हललेला असतो. टीव्ही आणि प्लेअर ही अर्धी चित्रं नीट हाताळतात, म्हणून तिथे रेघा दिसत नाहीत. तुम्ही फिल्टर बंद केल्यामुळे दोन्ही अर्धी एकाच चित्रात चिकटली आणि वर एच.२६४ या पद्धतीने दाबून लहान केली गेली. आता त्या फाइलीतून ती स्वच्छ वेगळी करणं अवघड आहे. मूळ डिस्कमधून मात्र सहज होतं. हँडब्रेकमधला डीइंटरलेस फिल्टर (अर्धी चित्रं सुटी करणारा) चालू करा, त्यात 'बॉब' निवडा, म्हणजे प्रत्येक अर्ध्याची एक पूर्ण फ्रेम होते, फ्रेमरेट ५० ठेवा. हालचाल पूर्वी टीव्हीवर दिसायची तशीच सलग दिसेल.

पण त्याच्याही आधी प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत करून ठेवा. एकथरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. साठच्या साठ काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी ३०० जीबीच्या आत बसतात. आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत करा, ती मेकएमकेव्ही या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि चित्र पुन्हा न दाबता एमकेव्ही फाइल काढा. डिस्कवरच्या नुसत्या व्हीओबी (चित्रणाच्या) फाइली ओढून घेऊ नका. एकच चित्रण १-१ जीबीच्या तुकड्यांत असतं आणि सांध्यावर आवाज घसरतो. मूळ प्रत हातात असली की पाहण्याची प्रत दहा वेळा करता येते. डीव्हीडी-आरवरचा मजकूर सेंद्रिय रंगाच्या थरात असतो आणि तो थर वर्षागणिक विरतो, म्हणून मला घाई आहे ती याच पायरीची.

अडकणाऱ्या ३ डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम वापरा. तो आधी सोपा भाग घेतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि मग त्यांच्याकडे परत येतो. टिपणाची ती मॅप फाइल जपून ठेवा. डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर फक्त राहिलेल्या जागाच वाचल्या जातात. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं, हे मी स्वतः बऱ्याचदा पाहिलंय. डिस्क पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नको.

रिकामी दिसणारी डिस्क बहुधा फायनलाइज करायची, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर इतर यंत्रांत वाचता येईल अशी बंद करायची राहिली असेल. ज्या रेकॉर्डरवर केली तोच मिळाला तर त्यात फायनलाइज होईल. नाहीतर अशा डिस्कमधून फाइली काढणारा आयसोबस्टर वापरून पाहा.

—

वरच्या सगळ्याशी सहमत. पाहण्याबद्दल थोडं माझ्याकडून.

आम्ही जेलीफिन चालवतो, म्हणजे घरच्या संगणकावरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारा सर्व्हर. फुकट आहे आणि फाइली आपल्याच घरी राहतात. लायब्ररी करताना प्रकार 'होम व्हिडिओ आणि फोटो' निवडा. 'चित्रपट' निवडलं तर तो नावावरून भलत्याच सिनेमाचं पोस्टर आणून चिकटवतो. डीव्हीडीतला एमपीईजी-२ हा व्हिडिओ प्रकार ब्राउझरला चालत नाही, मग सर्व्हरला तो दर वेळी बदलून द्यावा लागतो आणि चित्र अडखळतं. म्हणून पाहण्याची प्रत एच.२६४ आणि एएसी आवाजात करा, ती जवळपास सगळीकडे थेट चालते. हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा (आरएफ) १८ ते २० ठेवा. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग प्रसंग, मग कोण कोण दिसतं ते. ही नावं घरातली वडीलधारी आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्या. माझं ते राहून गेलं. आज ४ डिस्कमधली निम्मी माणसं मला ओळखू येत नाहीत आणि विचारायला कोणी उरलेलं नाही.

व्हीसीडी वेगळ्या घ्या. त्यांची साधी आयएसओ नीट होत नाही, कारण चित्र साठवणाऱ्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) रचनाच निराळी असते. त्यासाठीच असलेला व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्रॅम वापरा. चित्र ३५२×२८८ एवढंच आहे, ओढूनताणून मोठं करू नका. आणि या डिस्कचा मजकूर लेबलच्या अगदी खाली असतो, म्हणून त्या बाजूला पेन किंवा स्टिकर लावू नका. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो.

—

दादा, काका, मनापासून आभार.

१२ डिस्क पुन्हा घेतल्या, रेघा गेल्या. अडकणाऱ्या तिन्हींपैकी २ दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण वाचल्या गेल्या. तिसरीचा साधारण मिनिटभराचा भाग गेला, पण बाकी सगळं आलं. रिकाम्या डिस्कचा रेकॉर्डर दीरांच्या माळ्यावर निघाला, त्यांनी फायनलाइज करून पाठवली. त्यात सासूबाई तब्बल ४० मिनिटं बोलतायत, आणि हे चित्रण आहे हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. नणंदबाईंना फोनवर बसवून नावं लिहायला घेतली आहेत, ९ डिस्क झाल्या.

एक राहिलं. आयएसओंची दुसरी प्रत दीरांच्या घरी ठेवतेय. ती बरोबर पोचली का, हे कसं तपासायचं?

—

दोन्हीकडे प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढा आणि आकडे जुळवा. प्रत्येक आयएसओशेजारी त्याची छोटी मजकूर फाइल ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीही तपासता येईल.