म्हातारी घोडी, उठायला त्रास होतोय पण खाते व्यवस्थित. सुई देऊन शांत करायचा निर्णय कधी घ्यायचा?

सोनकी
नमस्कार मंडळी. आमची मैना, काठियावाडी घोडी, दातांवरून डॉक्टरांनी वय २७ च्या आसपास सांगितलंय. पाचगणीला टेबललँडवर तात्या तिच्यावर पर्यटकांची पोरं फिरवायचे, आम्हा भावंडांची शिक्षणं तिच्या पाठीवर झाली असं ते म्हणतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. काम बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता वाईजवळ गावी घरामागे मोकळी असते, सोबतीला एक तट्टू आहे.

थंडीपासून पुढचे गुडघे सुजलेत. बसली की उठता येत नाही, मध्ये शेजारची पोरं बोलावून उठवावी लागली, आणि हल्ली तर ती बसतच नाही. रात्री कधीही बघा, उभीच. दुखण्यासाठी ब्यूटची (फिनाइलब्यूटाझोन, घोड्यांचं वेदनाशामक) पावडर चालू आहे. कडबा चावता येत नाही, चघळून गोळे टाकून देते, म्हणून हरभऱ्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा भिजवून देतो, तो मात्र पाटी चाटूनपुसून खाते, मी गेले की खिंकाळते पण.

तात्यांचं म्हणणं, खातेय तोवर हा विषय घरात काढायचा नाही. मला पावसाळ्याची भीती वाटते, आमच्याकडे एकदा लागला की चिखल हटत नाही, आणि रात्री घसरून पडली तर आम्ही काय करणार. लवकर केलं तर विश्वासघात केल्यासारखं वाटेल आणि उशीर केला तर तिचे हाल. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, कशावरून ठरवलंत?

नेरळकर
ताई, आमचं घर तीन पिढ्या माथेरानला घोड्यांवर आहे. तिथं खाजगी मोटारींना बंदी आहे त्यामुळे बरंच काही घोड्यांवर चालतं, आणि म्हातारे घोडे खूप बघितलेत. एक सांगतो, खाण्यावर जाऊ नका. घोडा मरणाच्या आदल्या दिवशीपर्यंत दाणा खातो, आमच्या आजोबांच्या पागेत बघितलंय. ते म्हणायचे घोडा बसतो का ते बघ, बसला तर स्वतःच्या ताकदीने उठतो का ते बघ, बाकी सगळं नंतर.

तुमची बसत नाही म्हणताय तर तिच्या पुढच्या पायांना खुराच्या वरचा सांधा असतो ना, त्याच्या पुढच्या बाजूला खरचटलंय का बघा. केस गेलेत, खपली धरलीय असं काही. असेल तर ती उभ्या उभ्या झोपेत कोसळतेय आणि सावरतेय.

पशुवैद्य_मराठवाडा
वरच्या भाऊंनी अगदी मुद्द्याचं सांगितलंय, थोडं वाढवतो. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. रोज अर्धा पाऊण तास तरी तो आडवा पडायला हवा. सांधे दुखत असले की त्याला कळतं की खाली गेलो तर उठता येणार नाही, मग तो बसणंच सोडतो, आणि दिवसेंदिवस झोप नाही म्हणजे काय होत असेल विचार करा. हे बाहेरून दिसत नाही. घोडा कळपातला, शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. कुत्रं केकाटतं, घोडा गप्प राहतो. म्हणून चेहरा वाचायला शिका: कान ताठ मागे वळलेले, डोळ्याच्या वरची कातडी ओढलेली, नाकपुड्या ताणलेल्या, गालाचे स्नायू घट्ट. ती निवांत असेल अशा वेळी जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोटं लावून नाडी मोजा, मिनिटाला २८ ते ४४ ठीक, नुसती उभी असताना सतत ६० च्या पुढे असेल तर दुखणं मोठं आहे.

पण ताई, निर्णयाच्या आधी दोन गोष्टी नक्की करून घ्या. एक, दाढा कोणी बघितल्यात का? म्हाताऱ्या घोड्याच्या दाढांना धारदार टोकं येतात, गाल आणि जीभ कापते, कानशीने घासून घेतलं की कधी कधी खाणं एकदम सुधारतं. अर्थात २७ व्या वर्षी दाढाच संपल्या असतील तर भिजवलेलंच खरं. दुसरं, या उन्हाळ्यात तिचे थंडीतले केस झडले का? नसतील झडले आणि पाणी खूप पीत असेल तर कुशिंग नावाचा आजार असू शकतो, त्याला औषध आहे, आणि त्यातून खुरांची आतली सूज येते जी लोक सांधेदुखी समजतात. ब्यूट महिनोनमहिने चालू असेल तर पोटात अल्सर आणि किडनीवर ताण येतो, डोस डॉक्टरांना विचारूनच, वाढवत जाऊ नका.

हे सगळं करूनही ती बसून स्वतः उठत नसेल तर माझं स्पष्ट मत, पावसाच्या आधी.

माणदेशी
मला हे पटत नाही, राग मानू नका. जिनं घर पोसलं तिला सुई मारायची? आमच्याकडे बैल, गाय, घोडा, म्हातारं झालं की दावणीला मरेपर्यंत सांभाळायचं हीच रीत. त्याची वेळ आली की तो जाईल, आपण कोण ठरवणारे. तात्यांचं बरोबर आहे. नाहीच जमलं तर एखाद्या पांजरपोळात द्या.

नेरळकर
दादा, सांभाळायचं ही रीत मलाही मान्य आहे आणि सोनकीताई तेच करतायत, कोंडा भिजवून घालतायत. पण घोडं आपोआप शांतपणे झोपेत जातं हे फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा पोटशूळ उठतो नाहीतर पडतं ते उठतच नाही. माथेरानच्या पावसात पडलेलं घोडं मी बघितलंय, रात्रभर पाय झाडत होतं, डोक्याला जखमा, आणि खालून डॉक्टर येईपर्यंत सकाळ. मालक शेजारी बसून रडत होता. ती वेळ देवाने ठरवली असं मला तरी म्हणवत नाही. आणि पांजरपोळात २७ वर्षांची, दात नसलेली घोडी म्हणजे अनोळखी जागा, अनोळखी माणसं, आणि दिवसातून चार वेळा भिजवलेला कोंडा कोण घालणार हो?

पशुवैद्य_मराठवाडा
माणदेशी दादा, तुमची भावना कळते, माझे वडीलही हेच म्हणायचे. पण एक शारीरिक गोष्ट आहे. तीन साडेतीनशे किलोचं जनावर काही तास एका कुशीवर पडलं की खालच्या बाजूचे स्नायू आणि नसा स्वतःच्याच वजनाखाली मरायला लागतात, फुप्फुस दबतं. म्हणजे पडल्यानंतरची वाट बघणं हा वेगळा, जास्त वाईट आजार आपण तिला देतो. कायद्यालाही हे मान्य आहे, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये कलम १३ वेदनेत असलेल्या जनावराला मुक्त करण्याबद्दलच आहे, आणि त्याच कायद्यात उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं गुन्हा आहे.

सोनकीताई, तात्यांना असं विचारा: "खाते का" हे सोडून द्या, ती आधी रोज जे करायची त्यातलं काय काय उरलंय? जमिनीवर लोळण घेते का, तट्टूबरोबर मान खाजवते का, फाटकापर्यंत स्वतःहून येते का. कॅलेंडरवर रोज संध्याकाळी बरा दिवस, वाईट दिवस एवढीच खूण तात्यांच्या हाताने करून घ्या. वाईट जास्त झाले की त्यांना कोणी सांगावं लागणार नाही.

सोनकी
सगळ्यांचे मनापासून आभार. पाय बघितले. दोन्ही पुढच्या पायांना खपल्या आहेत, आम्हाला वाटत होतं दगड लागत असेल. तात्यांना दाखवलं तर ते बराच वेळ तिथेच हात फिरवत बसले, काही बोलले नाहीत, रात्री जेवताना म्हणाले डॉक्टरांना बोलव, दाढा आणि ते केसांचं पण बघू दे, मग बोलू. केस तसे झडलेत. घरात विषय निघाला हेच माझ्यासाठी खूप आहे.

आता विचारायला धीर होत नाही पण विचारते. वेळ आलीच तर प्रत्यक्ष काय होतं? तात्या समोर थांबणार म्हणतायत. आणि तट्टूचं काय करायचं?

पशुवैद्य_मराठवाडा
विचारलंत ते बरं केलंत, माहीत असलं की धक्का कमी बसतो. सकाळची वेळ घ्या, उजेडात, सपाट मऊ जमीन, खड्डा आदल्या दिवशी जेसीबीने काढून त्याच्या जवळच. त्या दिवशी तिला आवडेल ते खाऊ घाला. आधी गुंगीचं इंजेक्शन, मान खाली जाते, मग मानेच्या शिरेतून पूर्ण भूल आणि त्यावर हृदय थांबवणारं औषध. डॉक्टरांना आधीच विचारा की भूल पूर्ण देणार ना, जागेपणी नुसतं हृदय थांबवणारं औषध देणं चालत नाही, हे ठामपणे बोला. घोडी खाली जाते तेव्हा एकदम जाते, म्हणून तात्यांनी डोक्याजवळ पण बाजूला उभं राहायचं, दोरी डॉक्टरांच्या माणसाच्या हातात. नंतर एखादा खोल श्वास, कातडीची थरथर दिसते, डोळे उघडेच राहतात. ती तेव्हा जागी नसते, हे तात्यांना आधीच सांगून ठेवा. डॉक्टर बुबुळाला हात लावून आणि ठोके ऐकून खात्री करतात.

पुरणं खोल हवं, विहीर ओढ्यापासून लांब. उघड्यावर अजिबात टाकू नका, औषध मांसात राहतं, कुत्री गिधाडं खाऊन मरतात. मेलेल्या जनावरांतून पोटात जाऊन गिधाडं मरायची म्हणूनच जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ मध्ये बंदी आली हे लक्षात ठेवा.

तट्टूला लगेच बाजूला नेऊ नका. मैनेजवळ येऊ दे, हुंगू दे, तो स्वतःहून चरायला वळला की मगच पुरा, नाहीतर दिवसेंदिवस हाका मारत फिरतो. त्यानंतर त्याला एकटा ठेवू नका, दुसरं घोडं लगेच नाही जमलं तर शेळी चालते. आणि खड्ड्याच्या जागेबद्दल ग्रामपंचायतीशी आत्ताच बोलून ठेवा, पाऊस लागल्यावर तिकडे जेसीबी जाणार नाही.